डावा पीळ

अंबाडी सडली की वास येतो. येणारच, ती काही मोगरा नाही. पण ज्याच्या बैलाच्या गळ्यात त्याच अंबाडीचं दावं आहे, त्यानं तरी नाकाला धोतर लावू नये. आमच्या गावात मात्र दरवर्षी कार्तिक सरला की भिवाजीच्या नावानं ओरड सुरू व्हायची. भिवाजी गावभरची अंबाडी विकत घेऊन पळसनाल्याच्या डोहात बुडवायचा, वर दगड ठेवायचा. साल सुटली की तो, त्याची बायको भागिरथा अन् सून चंपा गुडघाभर पाण्यात उभं राहून ती सोलायचे. निघालेला वाख, म्हणजे सालीचा धागा, धुवायचा, वाळवायचा, अन् त्याची दावी, कासरे, चऱ्हाटं वळायची. शिव्या देणारेच मग पोळ्याच्या तोंडावर दारात उभे. "भिवा, चांगल्या पिळाचा कासरा दे गा."

पिळाच्या बाबतीत भिवाजी फार कडक. त्याचा पोरगा देवमन डावखोरा. त्यानं वळलेल्या दोरीचा पीळ उलटा पडायचा. बाप म्हणायचा, "डाव्या पिळाचं दावं बजारात कोनी घेत नाई, बे." देवमननं दोरी वळणं सोडलं, त्याला हेही एक कारण असावं. आमच्या घरात अन् भिवाजीच्या घरात एक कुडाची भिंत, म्हणून हे सगळं मला ठाऊक. मुद्दाम कान लावावा लागत नव्हता.

त्या साली भिवाजीची अंबाडी डोहात पडलीच नाही. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभी राहिली, कोरडी. सरपंचाची मनाई होती.

नाल्याच्या वरच्या अंगाला तेलाची कंपनी येऊन तेव्हा तिसरं वर्ष लागलं होतं. सरकीचं तेल काढायचं, कास्टिकनं धुऊन पांढरं करायचं, अन् धुतल्यावर उरलेलं पाणी नालीतून आमच्या नाल्यात सोडून द्यायचं. सुरुवातीला आमच्या बायांना ती नाली म्हणजे लॉटरी लागल्यासारखी वाटली. पाण्याला आपोआप फेस यायचा. साबण नको, सोडा नको, धुणं आपटलं की पांढरंफेक. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्याच काय, गावातल्या बायाही गाठोडी घेऊन नालीच्या तोंडाशी जायच्या. चंपा सासूला म्हणायची, "कंपनीवाले लय चांगले वो आत्या, साबन फुकट देऊन राह्यले." जे पाणी लुगड्याचा मळ खातं ते कातडंही खाईल, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आधी बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. मग पायांना भेगा पडल्या, भेगांची भोकं झाली. अंबाडी सोलणाऱ्यांचे पाय सगळ्यात आधी गेले. भागिरथाबाई संध्याकाळी चुलीपुढे बसून टाचांना जवसाचं तेल लावायची, अन् दात आवळून घ्यायची. तिच्या तोंडून 'आई गं' निघालेलं मी कधी ऐकलं नाही. निघालं असतं तर बरं वाटलं असतं.

पाय तरी मोठ्या माणसाचे होते. काळजी होती चिमीची. चिमी म्हणजे देवमनची पोर. भिंत धरून चालायला लागलेली पोर पुन्हा बसली. हगवण थांबेना. दोन दिवस बरी राहायची, की पुन्हा सुरू. मांड्यांचं कातडं म्हाताऱ्या माणसासारखं लोंबायला लागलं. चंपा तिला झिऱ्याचं ताजं पाणी घोटघोट पाजायची, कारण आजारी माणसाला झिऱ्याचं पाणी द्यावं, ही आमची बापजाद्यांपासूनची समजूत. डोहाच्या काठाला वाळूत हातभर खड्डा करायचा, नारळाच्या नरोटीनं गढूळ उपसून टाकायचं, मग जे झिरपून येतं ते आरशासारखं. वाळूनं गाळलेलं पाणी वाईट कसं असेल? गावातल्या विहिरीवर आम्हाला कोणी अडवत नाही, असं सरपंच सांगायचा. कायदाच तसा होता म्हणे. एकदा घागर घेऊन जाऊन बघा म्हणावं. रहाट मोकळा मिळेपर्यंत दुपार व्हायची.

सरपंच उकंडराव माणूस वाईट नव्हता, आपली सरकी कंपनीला घालायचा एवढंच. त्यानं भिवाजीला पंचायतीत बोलावलं. भिवाजी दाराशी उभा. बस कोणी म्हणालं नाही.

"भिवा, तुही अंबाडी पानी नासवून राह्यली. औंदा डोहात टाकायची नाई."

"पाटील, अंबाडी तं माह्या बापापासून पडते."

"तवा कोनाचे पाय सडत नोते. मॅनेजरसाहेब म्हंते का हे अंबाडीचंच हाय. शिकेल मानूस हाय तो."

भिवाजीनं आपल्या पायांकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "वास तं येते, पाटील."

झालं. कबूल केलं त्यानं. जन्मभर ज्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या, ते खरंच असेल असं वाटायला माणसाला वेळ लागत नाही. घरी भागिरथाबाईनं त्याला धरला.

"कायले कबूल केलं तुमी?"

"वास येतेच ना वो."

"वास माह्या अंगाले बी येते. त्याच्यानं कोनाची लेकरं हगत नाई."

देवमन तिथंच जेवत होता. तो कंपनीत रोजंदारीवर कास्टिकचे ड्रम फोडायचा. नालीत काय जातं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण तो भाकर मोडत राहिला.

मार्गशीर्ष लागला. अंबाडी धुऱ्यावर वाळून तिच्या काड्या वाजायला लागल्या, अन् डोह मात्र पूर्वीपेक्षा जास्त नासला. मासे उलटे होऊन तरंगले. काठावरचं गवत लाल पडलं. भागिरथाबाई रोज सकाळी आधी अंबाडीकडे पाहायची, मग डोहाकडे. अन् एक दिवस बाजाराच्या वाटेवर तिनं उकंडरावाला थांबवलंच. "पाटील, अंबाडी धुऱ्यावर हाय. मंग आता पानी कोन सडवून राह्यलं?" उकंडराव म्हणाला, "मागच्या सालचं असन." मागच्या सालचं. मधे एक अख्खा पावसाळा वाहून गेला होता.

चिमीनं डोळे फिरवले तेव्हा चंपा अन् भागिरथाबाई तिला घेऊन एसटीनं वाशीमला गेल्या. दवाखान्यातला डॉक्टर तरणा होता. त्यानं पोरीला पाहिलं, मग दोघींचे पाय पाहिले.

"पाणी कुठलं पाजता?"

"झिऱ्याचं. लय साफ असते, साहेब."

"दिसायला साफ. हे पाणी बदला, नाहीतर पोर हाती लागणार नाही."

परत येताना भागिरथाबाई सगळ्या वाटेनं पुटपुटत होती, "बदला म्हंते. लुगडं हाय का बदलाले?" पण डॉक्टरचं शेवटचं वाक्य तिच्या काळजात रुतलं होतं. घरी आल्यावर तिनं ते कोणाला सांगितलं नाही. चंपानं मात्र रडत रडत सगळ्या वस्तीला सांगितलं.

त्या डॉक्टरनं वर कळवलं. अकोल्याहून आरोग्य खात्याचा साहेब पाणी पाहायला येणार असा निरोप आला. वस्तीत पहिल्यांदाच जरा जीव आला. ग्यानबा आमच्यातला बोलका माणूस. तो बुद्धविहारापुढे सगळ्यांना म्हणाला, "भिवाजीची अंबाडी धुऱ्यावरून कोनी हलवू नका. साहेबाले तेच दाखवू. अंबाडी कोरडी अन् पानी सडेल. मंग बोला म्हना मॅनेजरले." भिवाजीलाही तेव्हा कुठे पटलं, की आपल्या अंबाडीचा गुन्हा नाही. तो धुऱ्यावर जाऊन पेंढ्या उगाच सारख्या करून आला.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरताना, कंपनीचा मुकादम बाबूलाल भिवाजीच्या घरी आला. बाजेवर बसला. चहा घेतला. चिमीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. पोरीला तो धरताही आला नाही.

"भागिरथाबाई, तुमी लोक समजून घ्या," तो म्हणाला. "साहेबानं वाईट लिहलं तं कंपनीले टाळा. टाळा लागला तं एवढे घरं खाईन काय? वाख?"

"अन् पान्याचं काय?"

"पान्यानं कोन मेलं आजवर?"

"कोनी मरासाठी थांबले का तुमी?"

बाबूलाल हसला. "तसं नाई वो बाई."

"मंग कंपनीनं पानी साफ करून सोडावं."

"त्याचं मशीन येते. पन त्याच्या खर्चात मालक दुसरी कंपनी उभी करते. त्याले कसं परवडन? धंदा हाय, धर्म नाई." मग तो देवमनकडे वळला. "देवमन, तू पर्मनंट होऊन राह्यला. मॅनेजरसाहेब बोलले. क्वार्टरमधी खोली, कंपनीच्या विहिरीचं पानी. वरच्या अंगाची विहीर हाय, एकदम साफ. पोट्टी आठ दिसात पयाले लागन. बापाले अजून काय पायजे?"

चंपानं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. ती ऐकत होती हे पाठीवरूनच कळत होतं. खोटं कशाला बोलू, भिंतीच्या अलीकडे मलाही वाटलं, की हे मला कोणी म्हटलं असतं तर?

मग बाबूलाल अन् देवमन बाहेर बाभळीखाली गेले. तिथलं मला ऐकू आलं नाही. देवमन परतला तेव्हा भागिरथाबाई दारातच होती.

"काय म्हने रे तो?"

"काई नाई."

"काई नाई म्हनाले एवढा वेळ लागते?"

तो जेवला नाही. कामावर बोलावलं म्हणून खाकी शर्ट घालून निघून गेला.

सकाळी चंपा घागर घेऊन गेली, ती रिकामी परत आली.

"आत्या, धुऱ्यावर अंबाडी नाई."

सगळी वस्ती डोहाकडे धावली. अंबाडी डोहात होती, दगडांखाली, नीट रांगेनं बुडवलेली. दरवर्षी असते तशीच. ग्यानबानं कपाळाला हात लावला. "कंपनीच्या मानसांनी केलं हे," तो म्हणाला, अन् आम्ही सगळे तसंच म्हणालो. भागिरथाबाईनं काठाजवळची एक पेंढी ओढली. पेंढीला नवा बंध होता, वाखाचा. तिनं त्या बंधावरून अंगठा फिरवला. मग पेंढी पाण्यात सोडून दिली, अन् लुगड्याला हात पुसत राहिली. हात कधीच कोरडे झाले होते.

भिवाजी मागून आला. त्यानंही पाहिलं. जन्मभर पीळ पाहिलेला माणूस, त्याला वाकावंही लागलं नाही. तो खाली वाळूत बसला.

"पायलं का तुमी?" तिनं हळूच विचारलं.

"पायलं."

"मंग?"

"आपलेच दात, आपलेच ओठ."

मी जवळच होतो. मला तेव्हा काहीच उमगलं नाही.

ऊन चढल्यावर जीप आली. साहेब, त्याचा शिपाई, कंपनीचा मॅनेजर, उकंडराव. मॅनेजरच्या बुटांवर चिखल उडू नये म्हणून बाबूलाल पुढे दगड टाकत चालला होता. डोहाशी आल्यावर मॅनेजरनं रुमाल नाकाला लावला अन् हातानं दाखवलं. "देखिए साब. मैं तो पहले से बोल रहा हूँ."

साहेबानं अंबाडी पाहिली. माणूस शांत होता. "ही अंबाडी कोणाची?"

"माही, साहेब," भिवाजी म्हणाला.

"पाण्यात कधी टाकली?"

भिवाजी पेंढ्यांकडे पाहू लागला. ग्यानबा मागून ओरडला, "काल दिवस बुडेपर्यंत धुऱ्यावर होती, साहेब. रातच्याले कोनीतरी टाकली."

"हे वस्तीचे लोक, साहेब. एकमेकाले सांभाळतेच," उकंडराव म्हणाला.

"चोराच्या उलट्या बोंबा," ग्यानबा पुटपुटला, पण ते कोणी लिहून घेतलं नाही. मॅनेजर म्हणाला, आमचाच एक कामगार याच घरचा आहे, त्याला विचारा. अन् देवमनला पुढे केलं. खाकी शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. साहेबानं विचारलं, "तू सांग. किती दिवस झाले?"

"दहा-बारा दिस झाले, साहेब," देवमन म्हणाला. तो आपल्या पायांकडे पाहत होता.

भिवाजीनं मान फिरवली. चंपानं पदर तोंडात धरला. साहेब शिपायाला काही सांगणार, तेवढ्यात भागिरथाबाईनं कडेवरची चिमी चंपाकडे दिली, अन् ती पाण्यात उतरली. भोकं पडलेले पाय त्या पाण्यात घालायचे म्हणजे काय, हे आमच्यातल्या बायांनाच ठाऊक. ती गुडघ्यापर्यंत गेली, दगड बाजूला लोटला, एक पेंढी उचलली अन् ठिबकत ठिबकत काठावर आली. साहेबापुढे नाही ठेवली तिनं. देवमनपुढे ठेवली.

"हा पीळ कोनाचा हाय रे?"

देवमन एक पाऊल मागे सरला.

"साहेब," ती म्हणाली, "हा माहा लेक हाय. डावखोरा हाय. आमच्या घरात उलटा पीळ हा एकटाच देते. अंबाडी काल धुऱ्यावर होती. यानं बुडवली. नोकरी पक्की करून देतो म्हनले त्याले."

"बुढ़िया का दिमाग फिर गया है," मॅनेजर म्हणाला.

साहेबानं देवमनकडे पाहिलं. "खरं आहे का हे?"

देवमननं आपला डावा हात उजव्या हातात धरून ठेवला होता, लहान पोरानं चोरलेली वस्तू धरावी तसा. साहेब थोडा वेळ त्या हातांकडे पाहत राहिला. मग त्यानं शिपायाला बाटल्या काढायला लावल्या. एक डोहातली भरली, एक झिऱ्यातली. तिसरी घेऊन तो नालीच्या तोंडाकडे निघाला. मॅनेजर म्हणाला, वाट खराब आहे साब. साहेब म्हणाला, असू दे. एवढंच. भाषण नाही, काही नाही. बाटल्या जीपमधे गेल्या अन् जीप अकोल्याला गेली.

दिवस मावळायच्या आत देवमनला काढलं. गेटवर बाबूलालनं त्याच्या अंगातला खाकी शर्ट उतरवून घेतला, कंपनीचा आहे म्हणून. पोरगा बनियनवर गावातून चालत आला, थंडीचे दिवस, अन् पारावरची माणसं बोलायची थांबून त्याला पाहत होती. वस्तीनंही काही त्याला ओवाळलं नाही. ग्यानबा त्याच्या दारावरून जाताना थुंकला. भागिरथाबाईनं ते पाहिलं अन् ग्यानबाला सुनावलं, "थुकाचं तं नालीत थुक. माह्या दारात नाई."

घरात मात्र चूल पेटायची तेवढाच आवाज. चंपा सासूशी बोलेना. तिचंही काय चुकलं? साफ पाण्याची विहीर तिच्या तोंडापर्यंत आली होती. चिमी तशीच पडून असायची. डोहाचा झिरा भागिरथाबाईनं बुजवून टाकला. ती अन् भिवाजी गावातल्या विहिरीवर बसून राहायचे अन् जे कोणी ओतेल ते आणायचे. कधी अर्धी घागर, कधी नुसत्या गोष्टी. बाटल्यांच्या निकालाचा पत्ता नव्हता. नाली वाहतच होती.

एका पहाटे कुदळीचा आवाज झाला म्हणून मी बाहेर आलो. देवमन खांद्यावर फावडं-कुदळ घेऊन नाल्याच्या वरच्या अंगाला निघाला होता. भागिरथाबाई घागर घेऊन मागे, अन् तिच्या कडेवर चिमी. मीही गेलो. नालीच्या तोंडावरून वर, कंपनीच्या तारांच्या पल्याड, जिथं पळसं आहेत तिथवर. तिथं जायला आजवर कोणी धजत नव्हतं, चौकीदार दगड मारायचा. देवमन तारा वाकवून आत शिरला, पाठ खरचटली, अन् वाळूत खणायला लागला. डाव्या हातानं.

खड्डा गुडघाभर झाला.

"माय," तो खणताखणताच म्हणाला, "दुसऱ्या कोनाचं नाव सांगता आलं असतं."

"पीळ तुहा होता."

"मी चिमीसाठी केलं."

"मालूम हाय मले." तिनं पोरीचं डोकं पदरानं झाकलं. "तू एकट्या चिमीसाठी केलं. झिऱ्यावर चिमी एकटी पीत नाई, देवमन."

त्यानं कुदळ टेकवली. रडत होता. मग पुन्हा खणायला लागला.

ओल लागली. पाणी झिरपलं, गढूळ. भागिरथाबाईनं नरोटीनं ते उपसून टाकलं. पुन्हा आलं, पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा आलं ते अगदी निर्मळ, तळाची वाळू मोजावी असं. चिमीनं पाणी पाहून हात पुढे केला. भागिरथाबाईनं नरोटी भरली, अन् तशीच हातात धरून बसली. साफ पाण्याला भ्यालेलं माणूस मी जन्मात पहिल्यांदा तेव्हा पाहिलं.

"पाज ना माय," देवमन म्हणाला.

"डोहाचं बी असंच दिसे." ती पाण्यावरून नजर काढेना. "आधी मी पिते. उद्यापर्यंत मले काई नाई झालं, तं पोट्टीले पाजू."

देवमननं तिच्या हातची नरोटी काढून घेतली, अन् एका दमात स्वतः पिऊन टाकली. मग वाळूत बसला. आम्ही दोघं त्याच्याकडे पाहत राहिलो. चिमी पाण्यासाठी रडायला लागली, तिला तसंच घेऊन आम्ही घरी आलो.